रोल मुंबईला गेलाय

ज्या वर्षी आबांची नजर आकसायला लागली, त्याच वर्षी मी कॅमेरा घेतला. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. संबंध मी नंतर लावला, आणि वाईट लावला.

आबा म्हणजे माझे वडील. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन जमाना झाला. जळगावला मेहरूणमध्ये माझ्या थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे, राहतात. त्यांना काचबिंदू आहे. तो कळला तेव्हा उशीर झालेला होता. डॉक्टरांनी थेंब दिले आणि स्पष्ट सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते जपायचं. ह्या रोगात नजर कडेकडून जाते. मधलं दिसत राहतं आणि भोवतालचं मिटत येतं. आबा म्हणायचे, गाडीच्या सायलेन्सरच्या नळीतून बघतोय असं वाटतं. ते हसून म्हणायचे, म्हणून आम्हीही हसायचो.

मी धुळ्याला एका सरकारी कचेरीत आहे. बोलणं कमी. घरातही कमी. पन्नाशी जवळ आली तशी संध्याकाळ अंगावर यायला लागली होती, आणि माणसाला काहीतरी नाद असावा असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा मी आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या चाचांच्या दुकानात जाऊन उभा राहिलो. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि मागे काचेचं कपाट. कपाटात जुने कॅमेरे पडलेले. मी एकाकडे बोट दाखवलं.

"साहेब, हे तुमचं काम नाही," चाचा मान वर न करता म्हणाले. "मोबाईलनं काढा आणि खूश राहा."

"का बरं?"

"रोल मिळत नाही. धुवायला कोणी नाही. बिघडला तर माझ्याकडेच यावं लागेल, आणि मी किती दिवस पुरणार?"

"मग विकायला कशाला ठेवलाय?"

"ठेवलाय कुठं? पडलाय."

पण विकला. लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशीची जाळी होती, ती मला घरी आल्यावर उन्हात धरली तेव्हा दिसली. परत जाऊन विचारलं तर चाचा शांतपणे म्हणाले, "उससे चेहरा मुलायम आता है, साहेब. वयस्कर लोकांना आवडतं."

त्या कॅमेऱ्यावर माझा जीव जडला, हे कबूल करायला हवं. हातात घेतला की वजन जाणवायचं. आत बॅटरीवर चालणारं असं काहीच नव्हतं. उजेड मोजणारी सुई होती, ती कधीच मेलेली. स्प्रिंगा, दातेरी चाकं आणि एक कापडी पडदा, एवढ्यावर सगळा कारभार. उजव्या अंगठ्यानं लिव्हर ओढायची की आत काहीतरी ताणलं जायचं. मग बोटानं कळ दाबली की ते ताणलेलं सुटायचं आणि खट् असा भरीव आवाज यायचा. दिवसभर कचेरीत मी जे काही करायचो त्यातल्या कशाचाही असा आवाज येत नव्हता. उजेड डोळ्यांनी जोखायला शिकलो. खानदेशात ते अवघडही नाही. मार्चपासून पुढं ऊन इतकं एकसुरी असतं की सकाळी आकडा लावावा आणि संध्याकाळपर्यंत विसरून जावा.

त्रासही सांगायला पाहिजेत. उन्हाळ्यात घरात रोल नासायचे, म्हणून ते फ्रीजच्या दारात हिरव्या मिरच्यांशेजारी ठेवायचो. बायको म्हणायची, "ह्या फ्रीजात खायचं कमी आणि तुमचं जास्त." हिवाळ्यात सकाळी पडदा अडकायचा आणि अर्धा फोटो काळा यायचा. माणूस हलला की गेला. मी चष्मा बदलला तेव्हा पूर्ण एक रोल धूसर निघाला. धुळ्यात काय, जळगावात काय, रोल धुणारं कुणी उरलेलं नाही. त्या दुकानांत आता झेरॉक्स आणि आधार कार्डाची कामं चालतात. रोल कुरियरनं मुंबईला पाठवायचा आणि वाट बघायची. आपलं काय चुकलं ते चूक करून महिना-दीड महिना झाल्यावर कळायचं, तोवर ती कशी केली तेच आठवत नसे.

तरी ती वाट बघणं मला आवडायला लागलं. इतकं की मी त्यावर भाषणं द्यायला लागलो. मी, न बोलणारा माणूस. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, लग्नकार्यात, अक्काच्या ओट्यावर, कुणी मोबाईल काढला की मी सुरू व्हायचो: तुम्ही लोक शंभर काढता आणि एकही बघत नाही. आमच्याकडे रोलमध्ये छत्तीस. प्रत्येक दाबण्याआधी विचार करावा लागतो. माणसं ऐकून घ्यायची. कुणी म्हणायचंही, वा, ह्यांच्याकडे काहीतरी वेगळं आहे. ते मला पुरायचं.

कॅमेऱ्याचा एक दोष मात्र मी कधी कुणाला सांगितला नाही, कारण तो सांगितला तर भाषणातली हवा गेली असती. रोलची डबी कॅमेऱ्यात डाव्या बाजूला बसते. तिच्यातून फिल्मची जीभ बाहेर ओढायची आणि उजवीकडच्या रिकाम्या रिळाच्या फटीत खोचायची. मग मागचं झाकण लावायचं. प्रत्येक वेळी लिव्हर ओढली की फिल्म थोडी डावीकडून उजवीकडे सरकते. पण जीभ नीट खोचली गेली नाही आणि फटीतून निसटली, तर कॅमेऱ्याला त्याचा पत्ता नसतो. लिव्हर फिरते, पडदा खट् करतो, वरचा आकडा एक दोन तीन करत पुढं जातो आणि फिल्म मात्र डबीतून बाहेरच येत नाही. एकही फोटो निघत नाही. ओळखायची खूण एकच. डाव्या बाजूला वर एक गोल चकती असते. फिल्म सरकत असेल तर लिव्हरबरोबर ती चकतीही फिरते. चाचांनी पहिल्याच दिवशी माझं बोट धरून तिच्यावर ठेवलं होतं. "झाकण लावल्यावर इथं बघायचं. ही फिरली तर फोटो. नाही फिरली तर नुसता व्यायाम."

आता भावाचं.

आम्ही दोघे भाऊ. थोरला नरडाण्याला राहतो, तिथल्याच एका कारखान्यात पाळीवर सुपरवायझर आहे. धुळ्याहून गाडीनं निघालं तर पाऊण तासाचा रस्ता. आई शेवटची आजारी होती तेव्हा तिला नाशिकला न्यावं असं त्याचं म्हणणं, आणि धुळ्यालाच ठेवावं असं माझं. माझं चाललं, कारण मी तिथं होतो. ती गेली. दहाव्याला नदीवर, माणसं अजून अंघोळीच करत होती, तेव्हा तो मला म्हणाला, "तुला रजा टाकायचा कंटाळा होता, दुसरं काही नाही." तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो जळगावला यायचा तेव्हा मी नसायचो, मी जायचो तेव्हा तो नसायचा. अक्का दोघांच्या तारखा सांभाळायची.

आबांनी एका रविवारी मला जवळ बसवलं. मला वाटलं थेंब टाकायचेत. ते म्हणाले, "मना डोयास्ना आता काही भरोसा नही." डोळ्यांचा आता भरवसा नाही. मग शहरी बोलीत आले, महत्त्वाचं सांगायचं असलं की ते तसं करतात. "तुम्ही दोघं समोर येऊन बसलात ना, तर मला एक दिसेल. दुसऱ्याला शोधायला मान फिरवावी लागेल, तोवर पहिला गेला. पण फोटो हातात लांब धरला तर त्यात सगळे मावतात. मी तपासून बघितलंय." त्यांनी खरंच तपासलं होतं. अक्काच्या मुलीच्या लग्नाचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून, हात लांब करून, त्यात किती माणसं एका वेळी दिसतात ते त्यांनी मोजलं होतं. "तू एवढा कॅमेरा घेऊन फिरतोस. मला एक फोटो काढून दे. दोन्ही भाऊ, अक्का आणि मी. भाऊला मी बोलावतो."

आणि त्यांनी बोलावलं. बापानं बोलावल्यावर तो आला.

ती सकाळ मला बारकाव्यासकट आठवते. आठवू नये म्हणून खूप खटपट केली आहे. अक्कानं भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती. भाऊ नवा शर्ट घालून आला होता, घड्या अजून मोडलेल्या नव्हत्या, आणि मिशीला कलप केला होता. त्यानं माझ्याकडे न बघता "बरा आहेस का?" विचारलं, मी "हो" म्हणालो. अक्का म्हणाली, "झालं एवढं बोलून? आता जेवायला बसा, नाहीतर तेवढ्यावरच दोघं दमाल."

जेवणाआधी भाऊनं खिशातून मोबाईल काढून परातीतल्या भरिताचा फोटो काढला, कारखान्यातल्या लोकांना पाठवायला. मग तोच मोबाईल त्यानं आबांकडे वळवला. तेव्हा मी बोललो.

"भाऊ, तो ठेव खिशात. आज फोन नको."

"का रे?"

"ज्याचा फोटो काढायचा त्याला असं येता-जाता टिपत नाहीत. मी काढणार आहे ना नीट."

सगळे माझ्याकडे बघत होते. अक्काच्या मुलीनं आणि जावयानंही फोन बाजूला ठेवले. भाऊच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. आबांसाठी आलेला होता, भांडायला नाही. त्यानं मोबाईल खिशात घातला. "बरं बुवा. तुझं शास्त्र तुला माहीत."

मी ओट्यावर बसून रोल भरायला घेतला. भाऊ शेजारी येऊन उभा राहिला. त्याला खरंच कुतूहल होतं असं आता वाटतं. तेव्हा मला वाटलं की तो परीक्षा घेतोय. मी त्याला सांगत होतो, ही डबी, ही जीभ, हे रीळ. जीभ फटीत खोचली. ती जरा तिरकी गेली होती, ते बोटांना कळलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "येतं ना रे तुला? का आबांच्या डोळ्यांसारखं तुझंही?"

थट्टा होती. अक्का हसलीसुद्धा. मी झाकण लावलं, जरा जोरातच, आणि उठलो. दोनदा लिव्हर ओढून कळ दाबली, आकडा एकावर आणला. चकतीकडे बघितलं नाही. विसरलो नव्हतो. तो बघत असताना मला तपासायचं नव्हतं.

मग अंगणात फोटो काढले. आबा खुर्चीवर मध्ये, अक्का त्यांच्या पाठीशी, भाऊ एका बाजूला. दुसऱ्या बाजूला माझी जागा रिकामी ठेवून मी कॅमेरा स्टूलवर ठेवायचो, कळ आपोआप पाडणारी चावी द्यायचो आणि धावत जाऊन उभा राहायचो. चावीचा कुर्र आवाज सुरू झाला की आबा पाठ ताठ करायचे. एकदा धावताना माझी चप्पल निसटली तेव्हा भाऊनं दंडाला धरून मला जागेवर ओढलं, आणि कळ पडेपर्यंत हात सोडला नाही. मग नुसते आबा. आबा आणि भाऊ. आबा भाऊच्या खांद्यावर हात ठेवून त्याचं तोंड आपल्या नजरेच्या नळीत आणून बघतायत, तोही. इतकी वर्षं फोटो काढतोय, इतकं चांगलं माझ्यासमोर कधी आलं नव्हतं आणि नंतरही आलं नाही.

रोल संपला की लिव्हर अडते. अंगठ्याला टणक लागतं, पुढं जात नाही. माझा आकडा छत्तीसच्या पुढं गेला आणि लिव्हर लोण्यासारखी फिरत होती. एखादा फोटो जास्त मिळतो कधी कधी, म्हणून आणखी एक दाबला. आणखी एक. मग मी डाव्या बाजूला बघितलं. लिव्हर ओढली. चकती हलली नाही. पुन्हा ओढली. उन्हात ती नुसती चमकत होती.

ह्याच्यानंतरचं मला नीट सांगायचं आहे, कारण चूक कुणाचीही होते आणि त्या चुकीबद्दल मला कुणी फाशी दिली नसती. सगळे अजून अंगणातच होते. आबा खुर्चीवर. भाऊ पायात चपला सरकवत होता, त्याला दुसऱ्या पाळीला पोचायचं होतं, पण निघाला नव्हता. त्याच्या खिशात मोबाईल होता. मी एवढंच म्हणायचं होतं की रोल लागलाच नव्हता, या पुन्हा, भाऊ, तुझा फोन काढ. दोन मिनिटांचं काम.

मी म्हणालो, "झालं. संपला रोल."

आणि डाव्या बाजूची चकती उचलून, तिची लहानशी दांडी उघडून, मी सगळ्यांसमोर रोल परत गुंडाळायला लागलो. जो डबीतून बाहेरच आला नव्हता तो. दांडी हातात मोकळी फिरत होती. बराच वेळ फिरवली, म्हणजे खरं वाटावं.

"बठ्ठा उनात का त्याम्हा?" आबांनी विचारलं. सगळे आलेत का त्यात.

"आलेत, आबा."

"कधी मिळेल?"

"मुंबईला पाठवावा लागतो. वेळ लागतो त्याला."

भाऊ म्हणाला, "एक मला पण दे. मोठा करून." मी हो म्हटलं. नदीवरच्या त्या दिवसानंतर त्यानं माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

पुढचं सोपं गेलं, हेच वाईट. मी ज्या संथपणाचे गोडवे गात हिंडायचो तोच उपयोगी पडला. आबा दर रविवारी फोनवर विचारायचे, "रोल उना का रे?" मी म्हणायचो, अजून मुंबईलाच आहे. कुणाला संशय यायचं कारण नव्हतं, मीच सगळ्यांना शिकवलं होतं की ह्यात वाट बघायची असते. एक महिना गेला. मी म्हणालो, त्यांच्याकडे कामं साचलीत. मग म्हणालो, औषधं बाहेरून येतात, ती आली नाहीत. अक्का म्हणाली, "एवढ्या वेळात तर मुंबई चालत जाऊन आले असते." आबा मागून म्हणाले, "त्याच्या मागं लागू नको. चांगलं काम आहे, वेळ लागतो."

दर शनिवारी ठरवायचो की उद्या भाऊला फोन करायचा. नरडाणा पाऊण तासावर. त्याला घ्यायचं, जळगावला जायचं, दुसरा फोटो काढायचा. फार तर तो दोन शब्द बोलला असता. एखादा रविवार असा नव्हता की ते जमलं नसतं. पण त्याला बोलवायचं तर आधीचा रोल रिकामा होता हे सांगावं लागणार, आणि चपला घालत असताना मला ते कळलं होतं, हेही कधीतरी निघणार. त्यापेक्षा मुंबई बरी होती.

आणि तो रोल. तो कोराच होता, त्याला काही झालं नव्हतं. काही आठवडे फ्रीजच्या दारात पडून राहिला. एक दिवस मी तोच कॅमेऱ्यात भरला, ह्या वेळी चकती बघून, आणि पाचोऱ्याकडे कामाला गेलो होतो तिथं केळ्यांनी भरलेले ट्रक, गुरं, स्टेशनवरची माणसं असे फोटो काढले. पाठवले. वेळेत आले. सुंदर आले. त्यातला एक मोठा करून कचेरीत माझ्या टेबलामागे लावला आहे. लोक थांबून बघतात. आबांसाठी ज्या फिल्मवर जागा होती तिथं एक बैल आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर आबांची नजर झपाट्यानं गेली. असं होईल हे डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, तरी इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. मी गेलो तेव्हा अक्कानं चहा त्यांच्यासमोर ठेवला आणि त्यांचा हात कपाच्या शेजारी टेबलावर फिरत राहिला. अक्कानं कप उचलून हातात दिला. सवयीनं. म्हणजे हे रोजचं झालं होतं आणि मला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ते रोलचं विचारेनासे झाले.

न विचारण्याचा त्रास विचारण्यापेक्षा जास्त होतो. रविवारी फोनवर थेंब, जेवण, झोप एवढं झालं की ते थांबायचे आणि मी थांबायचो. मग ते म्हणायचे, "बरं, ठेव." मला सुटल्यासारखं वाटायचं. ते वाटायचं म्हणून स्वतःची किळस यायची, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

ह्या उन्हाळ्यात मी मेहरूणला गेलो होतो. आबा ओट्यावर बसले होते आणि शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याशी बोलत होते. मी दारात पोचलेलो त्यांना कळलं नव्हतं. आबा त्यांना सांगत होते, "माझा धाकटा फोटो काढतो. जुन्या पद्धतीनं. आम्हा सगळ्यांचा एक काढलाय. मुंबईला आहे." त्या गृहस्थांनी विचारलं, कसा आलाय. आबा म्हणाले, "मी कुठं बघणार आता? पण चांगलाच आला असेल. भाऊनं त्याला धरलं होतं ना, माझ्या कानाशीच."

ते गृहस्थ गेले. मी आबांच्या पायाशी पायरीवर बसलो आणि सांगितलं. सगळं सांगितलं, चकतीपासून बैलापर्यंत. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर उठून गेलो असतो. आबांचं तोंड रस्त्याकडे होतं. रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या दिवशी तुला तिथंच कळलं होतं?"

"हो."

"आम्ही सगळे होतो तेव्हाच?"

"हो, आबा."

ते पुढं रागावतील असं मला वाटलं. रागवावं असंही वाटलं. त्यांनी गुडघ्यावरचा टॉवेल उचलला, घडी घातली, उलगडला, परत घातली. मग म्हणाले, "मले तवय दिखे." एवढंच. मला तेव्हा दिसत होतं.

टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, "भाऊले माहीत शे का?"

"नाही."

"त्याले तूच सांग."

मी त्याच संध्याकाळी परत निघालो आणि धुळ्याला घरी न जाता सरळ नरडाण्याला गेलो. भाऊ घरी होता, बनियनवर. मला दारात बघून त्याला वाटलं आबांचं काहीतरी झालं. त्यानं खुर्ची धरली. मी म्हणालो, तसं नाही, आबा बरे आहेत, आणि उभ्याउभ्याच सांगितलं. तो ऐकत राहिला. तो शिव्या देईल अशी माझी तयारी होती. नदीवरचं काढेल, अशी तर खात्रीच होती.

"मी फोन काढला होता," तो म्हणाला.

"हो."

"तू मला ठेवायला लावलास."

"हो, भाऊ."

"मी ठेवला." तो खाली बसला. "मी कशाला ऐकलं तुझं?"

त्याची बायको पाणी घेऊन आली, आमच्याकडे बघून तांब्या ठेवून आत गेली. भाऊ घोटभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "रविवारी मी येतो. तू पण ये. तो डबडा आणू नको."

रविवारी आम्ही गेलो. वेगवेगळ्या गाड्यांनी, पण एका वेळेला पोचलो. अक्काला आबांनी आधीच सांगितलं असावं. तिनं मला पाणी दिलं आणि माझ्याकडे बघितलं नाही. तिची मुलगी सासरी होती, म्हणून शेजारच्या बाईंना फोटो काढायला बोलावलं. भाऊनं आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला, कुठं दाबायचं ते दाखवलं. आबांना अंगणात आणून खुर्चीवर बसवलं. ते नको म्हणाले नाहीत. कशासाठी, असंही विचारलं नाही. अक्कानं त्यांचे केस विंचरले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं.

आम्ही उभे राहिलो. आबा डावीकडे, रस्त्याकडे, बघत होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आबा, इकडं." त्यांनी मान फिरवली, जरा जास्तच फिरवली, ती उजवीकडे गेली. अक्कानं हनुवटीला हात लावून मान मधे आणली. हात काढल्यावर ती पुन्हा थोडी ढळली. बाईंनी तसाच काढला. मोबाईलनं आपला खोटा खट् आवाज केला.

"निंघना का?" आबांनी विचारलं.

"निघाला, आबा," भाऊ म्हणाला.

बाईंनी फोन त्याला परत दिला. त्यानं बघितलं. चांगला आला होता, उजेड बरोबर, चेहरे स्वच्छ. भाऊ आबांपुढं वाकला आणि त्यांना दाखवायला म्हणून त्यानं मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरला, हात लांब करून, फोटो जितक्या अंतरावर धरला तर सगळे मावतात असं आबा म्हणाले होते तितक्या अंतरावर. मग त्याच्या लक्षात आलं. तो तसाच वाकलेला राहिला. आबा वाट बघत होते, कुणीतरी काहीतरी सांगेल म्हणून. अक्कानं माझ्याकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदाच.

सांगायचं काम माझं होतं. मी आबांच्या शेजारी खाली बसलो आणि सांगायला लागलो की भाऊ कुठं उभा आहे.